परक्याचे दार आणि आपली घंटा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



ज्या व्यासपीठावरून आजवर विद्वानांनी गहन विषयांचा ऊहापोह केला, तेथे दाराच्या घंटेविषयी बोलण्यास मी उभा आहे, याबद्दल आरंभीच क्षमा मागतो. परंतु आपल्या मंडळातील कितीतरी कुटुंबे अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याच्या घरांत राहतात. कर्ती मुले परगावी असतात आणि वडीलधारी माणसे दिवसभर घरात एकटी असतात. अशा घरी घंटा वाजली म्हणजे दार उघडावे की न उघडावे, हा प्रश्न लहान राहत नाही.

माझी मावशी ७८ वर्षांची आहे. ती ठाण्यास भाड्याच्या घरात एकटी राहते. मुलगा नोकरीनिमित्त बंगळुरूस असतो. दोन वर्षांपूर्वी एके दुपारी घंटा वाजली. "कोण आहे?" असे तिने विचारले, पण आलेले उत्तर तिला नीट ऐकू आले नाही. पुन्हा घंटा वाजली, तेव्हा ती लगबगीने उठली आणि घसरून पडली. खुब्याचे हाड मोडले. घंटा वाजविणारा कोण होता, हे आजतागायत कळलेले नाही. पडल्याचा आवाज समोरच्या बिऱ्हाडातील बाईंनी ऐकला आणि आपल्याकडे ठेवलेल्या जादा किल्लीने दार उघडून त्यांनीच मावशीला रुग्णालयात पोचविले. या बाईंचे स्मरण आपण ठेवावे. त्यांच्याकडे मला पुन्हा यावयाचे आहे.

पुढे मावसभावाने व मी व्हिडिओ डोअरबेल, म्हणजे कॅमेऱ्याची घंटा, बसविण्याचे ठरविले. ही कल्पना तशी नवी नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेला अवेळी घरी एकटे राहावे लागे. बाहेर कोण उभे आहे हे दार न उघडता दिसावे, म्हणून तिने पतीच्या साहाय्याने कॅमेरा, पडदा आणि बोलण्याची सोय असलेली योजना तयार केली. १९६६ साली अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी पेटंट मिळाले. तिच्या योजनेत दाराला निरनिराळ्या उंचीवर चार भोके होती. आपली अडचण नेमकी तेथेच आहे. दार आपले नाही.

घरमालकांनी स्पष्ट सांगितले, "घंटा खुशाल लावा, पण भिंतीला किंवा दाराला भोक पाडू नका." त्यांचे म्हणणे वाजवी होते. नेहमीच्या वापराची झीज वगळता जागा मिळाली त्या स्थितीत परत करावी, हे तत्त्व भाडेपट्ट्यासंबंधी १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही सांगितलेले आहे.

मी उत्साहाच्या भरात दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी आणली आणि दाराशेजारच्या डिस्टेंपर लावलेल्या भिंतीवर घंटा चिकटवली. तिसऱ्या दिवशी ती खाली आली आणि येताना तळहाताएवढा रंग घेऊन आली. भोक पाडले नाही खरे, पण भिंत विद्रूप केली. मालकांची क्षमा मागून मी रंगाऱ्याकडून ती जागा दुरुस्त करून घेतली. या चुकीतून जे शिकलो, ते आपणांस सांगतो.

चिकटपट्टी काच, गुळगुळीत फरशी किंवा सनमायका यांवर टिकते. डिस्टेंपरवर व चुन्यावर नाही, कारण तेथे ती भिंतीला न धरता केवळ रंगाच्या थराला धरते. जागा आधी स्पिरिटने पुसून कोरडी करावी. केवळ मागची पट्टिका चिकटवून ती जोराने दाबून धरावी आणि घंटा तिच्यावर दुसऱ्या दिवशी बसवावी. ॲक्रिलिक फोमच्या चांगल्या पट्टीची पकड वीस मिनिटांत सुमारे निम्मी, एका दिवसात नव्वद टक्के आणि ७२ तासांनी पूर्ण होते. घर सोडताना पट्टी ओढून काढू नये. केस वाळविण्याच्या यंत्राने ती ऊन करावी आणि मागून मजबूत दोरा करवतीसारखा फिरवावा.

परंतु आपल्याकडील सदनिकांना बहुधा बाहेर जाळीचे सेफ्टी डोअर असते. त्याच्या गजांना धरणारी रबराचे अस्तर असलेली पकड मिळते. आवळण्याचा स्क्रू घराच्या आतल्या अंगास ठेवावा. मावशीकडे शेवटी हाच उपाय लागू पडला. घंटा गजांच्या पुढे राहील असे पाहावे. मागे राहिल्यास रात्री कॅमेऱ्याचा अवरक्त प्रकाश गजांवरून परततो आणि चित्र पांढरे पडते. जाळी नसेल आणि दाराला आधीपासून पाहण्याचे भिंग असेल, तर त्याच भोकात बसणारा कॅमेराही मिळतो. जुने भिंग मात्र जपून ठेवावे, म्हणजे जाताना ते पुन्हा बसविता येते.

एक इशारा आवर्जून देतो. आपल्या घरांतील जुन्या घंटेच्या तारांत बहुधा २३० व्होल्टचा प्रवाह असतो. परदेशी पद्धतीच्या पुष्कळ घंटा मात्र १६ ते २४ व्होल्टसाठी घडविलेल्या असतात. म्हणून त्या तारांना हात न लावता बॅटरीची घंटा घ्यावी. वीज गेली की वायफायही जाते, तेव्हा त्याचे यंत्र इन्व्हर्टरवर ठेवावे.

आता त्या समोरच्या बाईंकडे वळतो. घंटा बसली, पलंगाशेजारच्या टॅबलेटवर मावशीला आलेल्याचा चेहरा दिसू लागला आणि बसल्याजागी बोलताही येऊ लागले. आम्ही संतुष्ट झालो. पण पंधरवड्यात मावशीच्या ध्यानात आले की, पूर्वी दिवसभर उघडे असणारे समोरचे दार आता बंद असते आणि बाईंचे येणे थांबले आहे. कॅमेरा थेट त्यांच्या घरात पाहत होता! ज्यांच्या कानांनी मावशीचा जीव वाचविला, त्यांच्याच दारावर आम्ही पहारा बसविला होता. त्यांना विचारण्याचेही आम्हांस सुचले नव्हते.

२०१७ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२१ साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या काउंटी न्यायालयाने अशाच घंटेच्या प्रकरणात दूरवरचे बोलणे टिपणे बेकायदेशीर ठरविले. परंतु शेजारधर्म समजण्यासाठी न्यायालयापर्यंत जाण्याचे कारण नव्हते. आम्ही दोघे त्यांच्या घरी गेलो, चूक कबूल केली आणि त्यांच्या देखतच घंटेखाली पाचर घालून तिचे तोंड जिन्याकडे वळविले. त्यांच्या दाराचा भाग चित्रातून झाकला, आवाज नोंदविणे बंद केले आणि कोणी कळ दाबली तरच चित्र साठेल अशी योजना केली. बाई हसल्या व म्हणाल्या, "आधी सांगितले असते तर मीच जागा दाखविली असती." त्याच संध्याकाळी त्या मावशीकडे चहाला आल्या.

बंधुभगिनींनो, भाड्याच्या घराची भिंत मालकाची असते आणि समोरचा जिना सर्वांचा असतो. भिंतीला ओरखडा न उठविता घंटा कशी बसवावी, हे मी सांगितले. शेजाऱ्याच्या मनालाही ओरखडा उठू नये, एवढी काळजी आपण घ्यावी. कारण घंटा फक्त कोण आले ते सांगते, पडलेल्या माणसाला उचलावयास शेजारीच यावा लागतो. मावशीची जादा किल्ली आजही समोरच्याच घरी आहे.