गांधीलमाशीच्या सोंगातला पतंग

पावसाळ्याच्या दिवसांत तुम्ही रानातल्या पायवाटेने चालला आहात. समोरच्या झुडपावर काहीतरी बसलेले दिसते. बोटाच्या दोन पेरांएवढे, काळे, पोटावर पिवळे पट्टे. "अरे, गांधीलमाशी!" म्हणून आपण मागे सरतो. एखादा धीट गडी पायातली वहाण हाती घेतो. पण थांबा! वहाण उगारण्याआधी चार गोष्टी पाहून घ्या.

पहिली पंखांची. गांधीलमाशी बसली की पंखांची लांबट घडी करून ते पाठीशी ठेवते. हा प्राणी मात्र पंख दोन्ही बाजूंना पसरून निवांत बसतो. पुढच्या काळ्या पंखांत खिडकीच्या काचांसारखे आरपार ठिपके असतात. मागचे पंख अगदीच लहान. दुसरी कमरेची. गांधीलमाशीची कंबर सुतासारखी बारीक. याचे अंग सरळ आणि जाडसर. तिसरी मिशांची. तिच्या मिशा कोपरात वाकल्यासारख्या, याच्या लांब आणि सरळ. चौथी उडण्याची. ती चपळ, तर हा संथ.

चारही खुणा जुळल्या? मग हा अमाटा वंशातला पतंग. याला नांगी नाही. पतंग म्हणजे रात्री दिव्यावर येणारा, अशी आपली समजूत. हा दिवसाउजेडी हिंडतो, म्हणून फसगत अधिक होते.

या सोंगाचा उपयोग काय? नांगीचा एकदा अनुभव घेतलेला पक्षी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या वाटेस सहसा जात नाही. ॲमेझॉनच्या जंगलात अकरा वर्षे काढलेल्या हेन्री बेट्स यांनी फुलपाखरांतल्या अशा नकलेचा उलगडा १८६२ साली मांडला.

आता एक सावधगिरी. अमाटाच्या जाती पुष्कळ आणि दिसायला सारख्या. त्यांतल्या अमाटा पासालिसच्या अळ्या चंदनाची पाने खातात. चंदन लावणाऱ्याला त्या नकोशा वाटतात, हेही खरेच. पण म्हणून पिवळा पट्टा दिसला की तेच नाव ठोकून देऊ नका. वहीत "अमाटा, जात अनिश्चित" एवढेच लिहा. जोडीला तारीख, जागा आणि कोणत्या झाडावर दिसला तेही टिपा. अशी अपुरी पण खरी नोंद जाणकाराच्या कामी येते. चुकीचे नाव त्याला वाट चुकवते.

तेव्हा पुढच्या खेपेला वहाण पायातच राहू द्या. पक्ष्याला फसवणारे सोंग माणसाच्या हातून जिवावर बेतू नये, एवढे तरी आपण पाहू या.