नाशिकचे अधिवेशन आणि टंडनजींची निवड



ज्या गोदाकाठी आज आपण जमलो आहोत, त्याच काठच्या या नाशकात सप्टेंबर १९५० मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. अध्यक्ष होते बाबू पुरुषोत्तमदास टंडन. हे गृहस्थ अध्यक्ष होऊ नयेत अशी पंतप्रधान नेहरूंची इच्छा होती आणि ती त्यांनी फारशी लपवूनही ठेवली नव्हती. तरीही प्रतिनिधींनी टंडनजींनाच निवडले. पक्षाने निवडलेला माणूस पक्षाच्या थोर पुढाऱ्याला नको असेल तर काय व्हावे, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला, आणि आज आम्ही बोलणार आहोत ते त्यासंबंधीच.

टंडनजी कोणी लेचापेचा माणूस नव्हते. दोघेही अलाहाबादचे, एकाच चळवळीत वाढलेले. टंडनजींचा तुरुंगवास, त्यांची साधी राहणी, चामड्याचे जोडेदेखील न वापरण्याचा त्यांचा नेम, हे सारे नेहरूंना ठाऊक होते आणि त्यांना त्याचा आदरही होता. पण हिंदीच्या प्रश्नावर टंडनजी इतके कडवे, की त्या वादात खुद्द गांधीजींनी १९४५ साली हिंदी साहित्य संमेलन सोडले. जून १९४७ मध्ये फाळणीचा ठराव महासमितीपुढे आला, तेव्हा त्याविरुद्ध उघड बोलणाऱ्या मोजक्या सभासदांत ते होते. पुढे निर्वासितांच्या परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनी स्वीकारले.

१९५० साल कसे होते हे ध्यानात घेतल्यावाचून नेहरूंची तळमळ समजावयाची नाही. पूर्व बंगालातून हिंदूंचे लोंढे येत होते आणि इकडे त्याचा सूड घेण्याची भाषा चालू होती. एप्रिलमध्ये नेहरूंनी लियाकत अली खानांशी करार केला, तेव्हा श्यामाप्रसाद मुखर्जी आणि क्षितीशचंद्र नियोगी मंत्रिमंडळातून बाहेर पडले. येथे राहिलेल्या मुसलमानाला हा देश आपला वाटावा की नाही, हा त्या वर्षी पुस्तकी प्रश्न नव्हता. ऑगस्टमध्ये नेहरूंनी टंडनजींना स्वच्छ लिहिले की, पुष्कळ लोकांच्या दृष्टीने तुम्ही जातीय आणि पुनरुज्जीवनवादी वृत्तीचे प्रतीक झाला आहात. टंडन निवडून आल्यास कार्यकारिणीत राहणे आपणांस कठीण होईल, असेही त्यांनी सरदार पटेलांना कळविले. सरदारांचा कौल मात्र टंडनजींकडे होता.

उमेदवार तिघे होते. टंडनजींना १३०६ मते पडली, आचार्य कृपलानींना १०९२ आणि आपल्या शंकरराव देवांना २०२. बेरीज करून पाहा. टंडनजींची मते दोघांच्या एकत्रित मतांहून बाराच अधिक भरतात. म्हणजे हा काही प्रचंड कौल नव्हे, पण कौल होता आणि तो नियमाप्रमाणे लागला होता.

या सामन्यात आणखी एक गंमत होती. नेहरूंची सहानुभूती कृपलानींकडे होती. हेच कृपलानी १९४७ साली अध्यक्षपद सोडून गेले होते, आणि सरकार पक्षाध्यक्षाला विश्वासात घेत नाही हीच त्यांची तक्रार होती! अध्यक्षाचा मान राहिला पाहिजे म्हणून भांडलेला माणूस पंतप्रधानांच्या बाजूचा ठरावा, यावरून भांडण तत्त्वाचे किती आणि माणसांचे किती हे ज्याने त्याने ठरवावे.

नाशिकला नेहरूंनी राजीनाम्याचे अस्त्र बाहेर काढले नाही. जमावाला वाटते तेच करणे म्हणजे लोकशाही असेल तर ती लोकशाही मला नको, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता. जातीयतेविरुद्धचा ठराव त्यांनी प्रतिनिधींकडून मंजूर करून घेतला. ज्या प्रतिनिधींनी टंडनजींना निवडले त्यांनीच नेहरूंच्या धोरणावरही हात वर केले. यास कोणी दुटप्पीपणा म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. त्यांना दोघेही हवे होते, आणि दोघे एकत्र नांदणार नाहीत हे त्यांना मानावयाचे नव्हते.

नवी कार्यकारिणी टंडनजींनी आपल्या मनाप्रमाणे नेमली. रफी अहमद किडवाई तीत असावेत असा नेहरूंचा आग्रह होता, तो त्यांनी मानला नाही. डिसेंबरात सरदार गेले आणि दोघांच्या मधला मोठा आधार नाहीसा झाला. १९५१ च्या उन्हाळ्यात कृपलानी पक्षातून बाहेर पडले आणि त्यांनी किसान मजदूर प्रजा पक्ष काढला. पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आली होती, आणि मते मागावयाची ती नेहरूंच्या नावाने, हे टंडनजींच्या बाजूच्यांनाही उमगत होते. ऑगस्टमध्ये नेहरूंनी कार्यकारिणीचा राजीनामा दिला. कार्यकारिणी बदला, अशी गळ टंडनजींना घालण्यात आली. सहकारी निवडणे हा अध्यक्षाचा अधिकार आहे, दडपणाखाली मी तो सोडणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. ती त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. सोडली ती खुर्ची. सप्टेंबरात महासमितीने त्यांचा राजीनामा स्वीकारला आणि नेहरू स्वतः अध्यक्ष झाले.

आमचे मत विचाराल तर धोरणाच्या प्रश्नात नेहरूंचे खरे होते. त्या वर्षी पक्ष दुसऱ्या दिशेने घसरता, तर त्याची किंमत लाखो निरपराध माणसांना मोजावी लागली असती. पण नाशिकला ठराव मांडून, वाद घालून त्यांनी जे मिळविले ते आम्हांस दिल्लीतल्या राजीनाम्याने मिळविलेल्यापेक्षा अधिक मोलाचे वाटते. नाशकात प्रतिनिधींना पटवावे लागले. दिल्लीत त्यांच्यापुढे निवडीला जागाच उरली नाही. १९५४ पर्यंत पंतप्रधान आणि पक्षाध्यक्ष एकच राहिले. त्यानंतर ढेबरभाई आले, पण पंतप्रधानांना नको असलेला अध्यक्ष पुन्हा निवडून आणण्याची हिंमत नेहरूंच्या हयातीत प्रतिनिधींनी केली नाही. आम्ही टंडनजींच्या मतांचे नाही, तरीही या गोष्टीची हळहळ आम्हांस वाटते.

टंडनजींनी मात्र वेगळा पक्ष काढला नाही, की नेहरूंविरुद्ध दौराही काढला नाही. १९५२ मध्ये ते लोकसभेत गेले ते काँग्रेसचेच म्हणून. १९६१ साली त्यांना भारतरत्न देण्यात आले, तेव्हा पंतप्रधान नेहरूच होते. पुढच्याच वर्षी, १ जुलै १९६२ रोजी, टंडनजी वारले.