दधीचींचे दान आणि इच्छामरण



वृत्रासुराच्या वधासाठी वज्र हवे होते आणि ते दधीची ऋषींच्या अस्थींपासूनच घडणार होते. देव याचक होऊन आश्रमात आले. ऋषींनी देहत्याग केला व अस्थी देवांच्या स्वाधीन केल्या. आपल्याकडे देहदानाची चळवळ याच कथेतून प्रेरणा घेते. नानाजी देशमुख २०१० साली चित्रकूट येथे निवर्तले, तेव्हा त्यांच्या संकल्पानुसार त्यांचा देह वैद्यकीय अभ्यासासाठी दिल्लीस नेण्यात आला.

परंतु नानाजींचे दान नैसर्गिक मृत्यूनंतरचे होते, तर दधीचींनी दानासाठीच मृत्यू स्वीकारला. हा भेद आज महत्त्वाचा ठरला आहे, कारण काही देशांत इच्छामरण आणि अवयवदान ही दोन्ही एकाच रुग्णालयात, एकाच दिवशी घडू लागली आहेत.

नेदरलँड्स व बेल्जियम या देशांत २००२ साली इच्छामरणाचा कायदा अमलात आला. असह्य यातना भोगणाऱ्या रुग्णाने स्वतः मागणी केल्यास, ठरलेल्या अटी पाळून, डॉक्टर औषधाने त्याचे जीवन संपवू शकतात. २००५ साली बेल्जियममध्ये, शरीर पूर्ण लुळे पण भान शाबूत असलेल्या एका महिलेने मरणाचा निर्णय झाल्यानंतर अवयव देण्याची इच्छा व्यक्त केली. तिचे यकृत व मूत्रपिंडे इतरांच्या कामी आली. कॅनडाने २०१६ साली देशभर असा कायदा केला आणि तेथेही ही पद्धत रुजली.

या पद्धतीचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. इच्छामरण मागणाऱ्यांत कर्करोगाचे रुग्ण बहुसंख्य असतात. त्यांचे अवयव सहसा घेता येत नाहीत. त्यामुळे दाते प्रामुख्याने मज्जासंस्थेच्या आजारांचे असतात. दात्याला सहसा घरी नव्हे, रुग्णालयात मरण पत्करावे लागते. हृदय थांबल्यावर साधारण पाच मिनिटे थांबून मृत्यू निश्चित केला जातो आणि देह तत्काळ शस्त्रक्रियागृहात नेला जातो. आप्तांना मृतदेहाजवळ बसून शोक करण्यास अवधी उरत नाही. देणाऱ्याचा हा त्याग खराच थोर आहे.

तरीही एक शंका उरते. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आपण घरावर ओझे झालो असे वाटतच असते. अशा वेळी ‘तुमच्या जाण्याने पाच जण जगतील’ हे शब्द कानी पडले, तर त्याचा निर्णय त्याचा राहील काय? म्हणूनच मरणाचा निर्णय पूर्ण होईपर्यंत अवयवदानाचा विषय काढू नये आणि इच्छामरण देणारे व प्रत्यारोपण करणारे डॉक्टर वेगळे असावेत, असा दंडक वैद्यकाने घातला आहे. मात्र कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात, इच्छामरण मंजूर झालेल्या रुग्णाशी अवयवदानाची यंत्रणा स्वतःहून संपर्क साधते, यावरून वाद झाला आहे.

भारतीय परंपरेला स्वेच्छेचा मृत्यू अपरिचित नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९६६ साली आणि आचार्य विनोबांनी १९८२ साली अन्नत्याग करून देह ठेवला. तो कृतार्थ जीवनाचा समारोप होता; त्यामागे कोणाची गरज उभी नव्हती.

आपल्या देशात औषध देऊन मृत्यू घडवणे बेकायदेशीर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली ती केवळ निरर्थक उपचार थांबवण्यास. या प्रश्नाला वाचा फोडणाऱ्या अरुणा शानबाग यांची शुश्रूषा मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी चार दशकांहून अधिक काळ केली. २०११ साली न्यायालयाने त्यांचे उपचार थांबवण्यास नकार दिला, तेव्हा त्या परिचारिकांना आनंद झाला. जो काहीच देऊ शकत नाही, त्याचेही जीवन मोलाचे आहे, हा धडा त्यांनी दिला.

मेंदूमृत्यूनंतरच्या अवयवदानाचा प्रसार घरोघर झालाच पाहिजे; प्रतीक्षेतील रुग्णांप्रति ते समाजाचे कर्तव्य आहे. परंतु देव दधीचींकडे मागावयास गेले, तसे जिवंत रुग्णाच्या उशाशी समाजाने याचक होऊन जाऊ नये. दान देणाऱ्याच्या अंतःकरणातून यावे. मागणाऱ्याच्या निकडीने मृत्यूची घटका ठरू लागली, तर त्यातील दानत्वच नष्ट होईल.