बर्फ दाबला की घट्ट होतो? अर्धंच खरं!

परवा मी बर्फातून जाणाऱ्या भूकंपलहरींचा छोटासा प्रोग्रॅम लिहीत होतो. दाब वाढला की बर्फ सगळ्याच बाबतीत घट्ट होणार, असं धरून चाललो होतो. चुकलो!

लवचिकतेचे आकडे दोन. चहूबाजूंनी दाबलं तर होणारा विरोध, सुमारे ९ गिगापास्कल. आणि पत्त्यांच्या गड्डीसारखे थर सरकवले तर होणारा विरोध, सुमारे ३.५. फ्रीजमधल्या साध्या बर्फावर दाब वाढवला की पहिला वाढतो, दुसरा मात्र किंचित घटतो. कारण या बर्फाची षटकोनी जाळी आतून पोकळ असते. दाबाखाली ती डळमळायला लागते. उणे तीस अंशांना, साधारण २००० वातावरणांच्या दाबापुढे, ती मोडते आणि बर्फाचं जास्त घन रूप तयार होतं.

मग बिघडलं काय? शनीच्या टायटन चंद्रावर जाणाऱ्या नासाच्या ड्रॅगनफ्लायवर भूकंपमापक असणार आहे. बर्फाच्या कवचाची जाडी लहरींवरून काढायची, तर दाबाखाली त्यांचा वेग वाढतो की घटतो हे नीट माहीत हवं. नाहीतर जाडीही चुकणार.

माझ्या कोडमध्ये दुरुस्ती एवढीच झाली: एका अधिकचं वजा. भेटू पुढच्या भागात!