देशाविना संघ

2 नोव्हेंबर 2025 ची रात्र आपल्यापैकी अनेकांनी जागून काढली असेल. नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवलं आणि हरमनप्रीत कौरच्या हाती विश्वचषक आला. सांगलीची स्मृती मंधाना, वांद्र्याची जेमिमा रॉड्रिग्ज यांचं कौतुक तर घरोघरी झालं. त्या स्पर्धेत आठ देशांचे संघ होते. आज मला बोलायचं आहे ते त्या यादीत नसलेल्या एका संघाविषयी.

त्यासाठी थोडं मागे जाऊ. पुरुषांचा पहिला विश्वचषक 1975 चा. महिलांचा त्याआधी दोन वर्षं, 1973 मध्ये इंग्लंडमध्ये झाला. रेचल हेहो फ्लिंट या इंग्लंडच्या कर्णधार बाईंनी पुढाकार घेतला आणि जॅक हेवर्ड या उद्योगपतींनी 40 हजार पौंड दिले. पण संघ आणायचे कुठून? इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जमैका आणि त्रिनिदाद-टोबॅगो असे पाच जमले. मग यजमानांनी आपल्या तरुण मुलींचा 'यंग इंग्लंड' उभा केला आणि निरनिराळ्या देशांच्या खेळाडू घेऊन 'इंटरनॅशनल इलेव्हन' बनवला. या शेवटच्या संघाला स्वतःचा असा देशच नव्हता. तरी तो विश्वचषक खेळला, सामने जिंकलाही!

आपण त्या यादीत नव्हतो. आपली पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा त्याच वर्षी पुण्यात भरली, तीही जेमतेम तीन संघांची. 1978 मध्ये यजमान म्हणून आपण विश्वचषकात उतरलो आणि तिन्ही सामने हरलो. पण नाव यादीत लागलं. त्यानंतर 47 वर्षांनी चषक आला.

आता अफगाणिस्तानकडे पाहा. 2017 पासून हा देश आयसीसीचा पूर्ण सदस्य आहे. त्याचा पुरुष संघ 2024 च्या टी-ट्वेन्टी विश्वचषकात उपांत्य फेरीपर्यंत गेला. 2020 च्या अखेरीस तिथल्या मंडळाने 25 मुलींशीही करार केले होते. ऑगस्ट 2021 मध्ये तालिबान सत्तेवर आले आणि मुलींचं शिक्षण, खेळ, सारंच थांबलं. यातल्या बहुतेक खेळाडू घरदार सोडून ऑस्ट्रेलियात गेल्या. 30 जानेवारी 2025 रोजी मेलबर्नमध्ये त्या संघ म्हणून प्रथमच एकत्र खेळल्या. सामना हरल्या, पण मैदानात उतरल्या हेच मोठं. त्याच एप्रिलमध्ये आयसीसीने त्यांच्यासाठी मदतनिधीही जाहीर केला.

पैसा हवाच. पण खेळाडूला सामना हवा असतो. पुरुष संघावर बहिष्कार टाकावा, असं काहींना वाटतं. मला तो मार्ग पटत नाही. त्या खेळाडूंना शिक्षा करून या मुलींच्या हाती बॅट येणार नाही. कुणी म्हणेल, मंडळाने निवडला नाही तो राष्ट्रीय संघ कसा? नियमाने बरोबर आहे. पण त्या मुलींचा गुन्हा काय? 1973 मध्ये देश नसलेल्या संघाला विश्वचषकात जागा मिळाली होती. पन्नास वर्षांनंतर, हाताशी इतका पैसा असताना, निदान पात्रता फेरीत तरी तशी जागा काढता येऊ नये?

आपणही एकेकाळी यादीबाहेर होतो. जिंकलेल्यांनी तेवढी आठवण ठेवावी, इतकंच.