बंदुका तीन, परवानगी दोनची: कोणती ठेवायची, कोणती विकायची?

तुमच्यापैकी काहींच्या गावच्या घरी लायसन्सची बंदूक असेल. कोकणात असेल, विदर्भात असेल. आज बाबा ती सांभाळतात, उद्या तिचं काय करायचं हे तुम्हालाच ठरवावं लागणार आहे.

आधी कायदा बघू. १९५९ च्या शस्त्र कायद्यात डिसेंबर २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. पूर्वी एका माणसाला तीन बंदुका ठेवता यायच्या, आता दोनच. वारशाने आलेली धरूनही दोनच. जादाची जमा करायला एक वर्षाची मुदत होती, ती कधीच संपली.

समजा, बाबांकडे आजोबांची बारा बोरची दुनळी आणि एक रिव्हॉल्व्हर आहे. तुमच्याकडे नेमबाजीची पॉइंट बावीस रायफल आहे. उद्या सगळं तुमच्या नावावर घ्यायचं म्हटलं तर झाल्या तीन. मग कोणती काढायची?

पहिला प्रश्न: तिसरी खरंच मोजली जाते का? केंद्र सरकारची मान्यता असलेल्या रायफल क्लबचे तुम्ही सदस्य असाल आणि पॉइंट बावीस सरावासाठी वापरत असाल, तर तिला ही मर्यादा लागू होत नाही. म्हणजे कदाचित काहीच विकावं लागणार नाही. हे न तपासता घाईत विकू नका.

दुसरा प्रश्न: तिचं आज काम काय? दुनळी शेतराखणीसाठी घेतलेली, पण आता शेत कोण राखतं? रानडुकराला मारायचं तर वनखात्याची परवानगी वेगळी लागते. रिव्हॉल्व्हर संरक्षणासाठी, पण घरात लहान मुलं असतील आणि सराव शून्य असेल, तर तोच धोका.

तिसरा प्रश्न: सांभाळणार कोण? लायसन्स माणसाच्या नावावर असतं, घराच्या नाही. दर पाच वर्षांनी नूतनीकरण, साफसफाई, कुलपातली जागा, हे सगळं त्या माणसाने करायचं.

माझं मत विचाराल तर, जिला सांभाळणारा माणूस आहे ती ठेवा. किंमत आणि हौस नंतर. आजोबांची आठवण म्हणून दुनळी ठेवावीशी वाटेल, ठेवा की! पण मग रिव्हॉल्व्हर सोडायची तयारी हवी.

विकायची कशी? ज्याच्याकडे त्या हत्याराचं लायसन्स आहे त्यालाच, किंवा परवानाधारक डीलरला. ओळखीतल्या माणसाला द्यायची असेल, तर त्याचं नाव-पत्ता देऊन जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवायचं आणि किमान ४५ दिवस थांबायचं. ‘काका, तुम्हीच घेऊन जा’ असं तोंडी चालत नाही.

आणि हे बाबा असतानाच ठरवा. २०१६ च्या नियमांनुसार बाबांची सत्तरी झाली किंवा बंदूक २५ वर्षं त्यांच्याकडे असली, की त्यांच्या हयातीतच वारसाला लायसन्ससाठी अर्ज करता येतो. वय मात्र २१ पूर्ण हवं. काही न ठरवता बाबा गेले आणि बंदूक कपाटात तशीच राहिली, तर विनालायसन्स हत्यार बाळगल्याचा गुन्हा तुमच्यावर येऊ शकतो. अशा वेळी ती लगेच पोलीस ठाण्यात किंवा डीलरकडे जमा करा आणि पावती जपून ठेवा. पुढचं मग शांतपणे ठरवता येतं.

या सुट्टीत घरी गेलात की बाबांना एवढंच विचारा, ‘लायसन्स कधीपर्यंत आहे?’ तिथून बोलणं सुरू होईल. भेटू पुढच्या भागात!