उलटा चावा



युनियनच्या कचेरीत पगाराची गाऱ्हाणी येतात, तशी घरचीही येतात. त्यांतले एक आज मांडतो. तोंड मिटले की खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात, त्या उलट्या चाव्याचे.

लोक याला नशीब म्हणतात. स्पेनचा राजा दुसरा कार्लोस (१६६१–१७००) याचा जबडा असाच होता. त्याला घास चावणेही जड जाई. त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या नात्यातच लग्ने झाली होती. म्हणजे कारण बहुधा आनुवंशिक. पण दर वेळी खालचा जबडाच मोठा असतो असे नाही. कधी वरचा जबडा खुजा राहतो, कधी नुसते दातच वाकडे येतात. हे क्ष-किरण चित्रावरून कळते.

उपाय वयावर अवलंबून आहे. सातव्या वर्षी मूल दाखवावे. साधारण दहाच्या आत, कपाळ व हनुवटीवर टेकणारा मुखवटा लावून रबराच्या ताणाने वरचा जबडा पुढे ओढता येतो. वाढ पुरी झाल्यावर, दोष मोठा असेल, तर दातांना तारा आणि जबड्याची शस्त्रक्रिया, एवढेच उरते.

हा केवळ रूपाचा प्रश्न नव्हे. चावण्याचा आणि बोलण्याचाही आहे. पगारवाढ पुढच्या करारात मागता येते. मुलाचे आठवे वर्ष पुढच्या करारापर्यंत थांबत नाही. म्हणून मुलांची दंततपासणी आपल्या मागणीपत्रकात आजच घाला.